नाराज पक्षमतदारासाठी नोटाचं बटण कितपत कामाचं?

यादी जाहीर होते, हवं ते नाव तिच्यात नसतं, आणि त्याच रात्री दांडिया बाजारापासून प्रतापनगरपर्यंत घरोघरी एकच वाक्य निघतं: "या वेळी सरळ नोटा दाबायचं." बडोद्यातल्या मराठी घरांत पक्ष सहजासहजी बदलत नाही. आजोबांनी ज्या चिन्हाला मत दिलं, नातूही बहुधा त्यालाच देतो. त्यामुळे तिकीट भलत्यालाच मिळालं तरी दुसऱ्या चिन्हाकडे बोट वळत नाही, घरी बसणंही पटत नाही, आणि मशीनवरचं शेवटचं बटण, म्हणजे नोटा, 'वरीलपैकी कोणीही नाही', सोयीचं वाटायला लागतं. हे परीक्षण त्या बटणाचं, आणि तेही एकाच प्रकारच्या मतदारासाठी: पक्ष आपला, पण उमेदवार आपला नाही, अशांसाठी.

निकाल आधीच सांगतो. "आमच्या माणसाचं तिकीट कापलं" एवढीच नाराजी असेल तर नोटा दाबू नका, पक्षाच्या उमेदवाराला मत द्या, आणि जे भांडायचं ते अर्ज भरण्याची मुदत संपण्याआधी भांडून घ्या. नाराजी खुद्द उमेदवाराबद्दल असेल, त्याच्यावरच्या खटल्यांबद्दल किंवा त्याच्या कारभाराबद्दल असेल, तर नोटा हा प्रामाणिक पर्याय आहे, पण त्यात जोर फार कमी. पाच ताऱ्यांपैकी दोन.

बटण आणि त्याच्याभोवतीची खोली

सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी निकाल दिला आणि त्याच वर्षअखेरीच्या विधानसभा निवडणुकांत, मध्य प्रदेशासह, हे बटण पहिल्यांदा मशीनवर आलं. मतपत्रिकेवर काळी फुली, हे त्याचं चिन्ह २०१५मध्ये आलं. ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने केलेलं आहे. त्याआधी नियम ४९-ओ होता, आणि तो आजही आहे. रजिस्टरमध्ये सही झाल्यावर "मला मत द्यायचं नाही" असं सांगितलं, की केंद्राध्यक्ष तुमच्या नोंदीपुढे शेरा मारतात आणि त्यावर तुमची सही किंवा अंगठा घेतात. तुम्ही मत दिलं नाही हे खोलीतल्या सगळ्या एजंटांना, म्हणजे उमेदवारांच्या प्रतिनिधींना, कळतं. पोळीत, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट वस्तीच्या गल्लीत, राहणाऱ्याला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. नोटाने ही गोष्ट गुप्त केली, आणि बटणाचा सगळ्यात खरा उपयोग तोच आहे.

आत काय घडतं ते नीट माहीत असू द्या. पहिला अधिकारी यादीतला क्रमांक आणि नाव मोठ्याने वाचतो, एजंट आपापल्या यादीत खूण करतात. दुसरा डाव्या तर्जनीला शाई लावतो, १७-ए रजिस्टरवर सही घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा चिठ्ठी घेऊन शाई पाहतो आणि आपल्याजवळच्या यंत्रावरचं 'बॅलट' बटण दाबतो. आडोशामागच्या मशीनवर हिरवा दिवा लागला की मशीन तुमची. निळं बटण दाबलं की त्या नावासमोर लाल दिवा लागतो, शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेमागे क्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग ती कापून खाली पेटीत पडते आणि लांब बीप वाजते. बीप ऐकूनच बाहेर या. घाईघाईत बटण अर्धवट दाबून निघालेल्यांमुळे मागची रांग खोळंबते.

नोटा 'मशीनच्या तळाशी' असतं असं समजून लोक भलतीकडे शोधतात. एका मशीनवर सोळा बटणं असतात. नऊ उमेदवार असतील तर नोटा दहाव्या जागी येतं आणि खालची बटणं झाकलेली असतात. पंधरा उमेदवारांपर्यंत सगळं एका मशीनवर मावतं. सोळा झाले की दुसरं मशीन जोडावं लागतं, आणि मग नोटा त्या दुसऱ्या मशीनवर सापडतं. नावांचा क्रम आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पण अमान्य पक्ष, मग अपक्ष असा असतो, आणि प्रत्येक गटात वर्णमालेप्रमाणे. बडोद्यात नावं गुजराती लिपीत असतात. इथे वाढलेल्यांना अडचण नाही. पुण्या-नाशकाहून नोकरीसाठी नुकत्याच आलेल्यांनी मात्र फोटो आणि चिन्ह पाहूनच बटण दाबावं, कारण एकाच आडनावाचे दोन अपक्ष शेजारी शेजारी येणं नवीन नाही.

दाबल्यावर काय होत नाही

इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. लोकसभा किंवा विधानसभेत नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी फेरनिवडणूक होत नाही. उमेदवारांत ज्याला जास्त मतं, तो निवडून येतो. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८मध्ये तिथल्या स्थानिक संस्थांसाठी, नोटा पहिलं आलं तर पुन्हा मतदान, असा नियम केला. नातेवाइकांकडून ऐकलेली ती गोष्ट इथल्या लोकसभेला लागू आहे, अशी बऱ्याच घरांची समजूत असते. ती चुकीची आहे. राज्यसभेसाठी तर नोटा नाहीच. गुजरातमधूनच गेलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८मध्ये तसा निकाल दिला.

डिपॉझिटचंही तसंच. लोकसभेला २५,००० आणि विधानसभेला १०,००० रुपये अनामत असते, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत की ती जप्त होते. पण हा सहावा भाग काढताना नोटाची मतं धरतच नाहीत. म्हणजे ज्याच्यावर राग काढायचा, त्याचं डिपॉझिट वाचायला तुमच्या नोटाने उलट थोडी मदतच होते: त्याला लागणारा आकडा वाढत नाही.

आणि निवडणूकच झाली नाही तर बटणही नाही. २०२४मध्ये सुरतेत काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज सूचकांच्या सह्यांवरून बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि २२ एप्रिलला भाजपचे उमेदवार बिनविरोध निवडून आले. सुरतेच्या मतदाराला नोटा दाबायलासुद्धा मिळालं नाही.

इंदूरची कसोटी त्याहून मोठी. २९ एप्रिल २०२४ला, माघारीच्या शेवटच्या दिवशी, काँग्रेसचे उमेदवार अक्षय कांती बम यांनी अर्ज मागे घेतला आणि ते भाजपमध्ये गेले. पक्षाकडे ना उमेदवार उरला ना चिन्ह. काँग्रेसने उघडपणे नोटा दाबायला सांगितलं, प्रचारही केला. १३ मेला मतदान झालं आणि नोटाला २,१८,६७४ मतं पडली. भाजपच्या शंकर लालवानींना १२,२६,७५१ आणि दुसऱ्या क्रमांकाच्या बसप उमेदवाराला ५१,६५९. विजयाचं अंतर ११,७५,०९२. पाच वर्षांपूर्वी याच मतदारसंघात काँग्रेसला ५,२०,८१५ मतं होती. ही नोटाची मतं सगळी जुन्या काँग्रेस मतदारांची आहेत असं धरलं, तरी पक्षाचा निम्म्याहून जास्त मतदार त्या बटणापर्यंत पोचलाच नाही. पक्ष सांगतोय, कार्यकर्ते घरोघरी फिरताहेत, देशभर बातमी गाजतेय, एवढं सगळं असताना ही गत. मग एखाद्या पोळीतल्या चाळीस घरांनी एकमेकांत ठरवून नोटा दाबलं तर काय होईल, याचा अंदाज करा.

तरी इंदूरला नोटा दाबणाऱ्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. त्यांच्यापुढे पक्षाचा उमेदवारच नव्हता. बटण नेमकं अशाच प्रसंगासाठी आहे.

नोटा वाचतं कोण

तुमचं मत कोणीतरी वाचावं म्हणून तुम्ही देत असता. मग नोटाचा वाचक कोण, हे पाहू. मतमोजणीनंतर 'फॉर्म २०' तयार होतो. त्यात प्रत्येक बूथवर प्रत्येक उमेदवाराला किती मतं आणि नोटाला किती, हे स्वतंत्र रकान्यात असतं, आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ते पाहायला मिळतं. पक्षाचे आकडेवाले लोक हा फॉर्म उघडतात. हजार-बाराशे मतदारांच्या बूथवर पंधरा नोटा दिसले तर ते रकाना ओलांडून पुढे जातात. दीडशे दिसले तर थांबतात. म्हणजे नोटा एकाच बूथवर दाटून आलं तरच ते वाचलं जातं. शहरभर विखुरलेलं मराठी नोटा रावपुरा, अकोटा, मांजलपूर अशा विधानसभांच्या शेकडो बूथांवर दोन-दोन, चार-चार मतांत विरघळतं.

गुजरातेत पक्षाचं काम यादीच्या पानावर चालतं. एका पानावर साधारण तीस नावं, आणि त्या पानाचा एक प्रमुख. दुपारी दोनला तो पाहतो की आपल्या पानावरचे कोण कोण अजून आले नाहीत. घरी बसलेला मतदार त्याला दिसतो, फोन करून बोलावता येतो, त्याच्याशी बोलता येतं. नोटा दाबून आलेला त्याच्या लेखी 'मतदान झालं' या खुणेत जातो. याचा अर्थ घरी बसा असा नाही. पण तुमची नाराजी पोचवणारा माणूस तोच पानप्रमुख आहे. मतदानाच्या आठवडाभर आधी त्याला ओट्यावर बसवून नाव-गाव-कारण सांगितलं तर ते वर जातं. बटण दाबून ते जात नाही.

बंडखोराला मत: जास्त जोराचं औषध, धोकाही तसाच

नोटा सोडून नाराज मतदाराकडे दुसरा रस्ता म्हणजे तिकीट कापलेला माणूस अपक्ष उभा राहिला तर त्याला मत. हिशेब सरळ आहे. तुमचं मत उमेदवाराकडून नोटाकडे किंवा बंडखोराकडे गेलं तर विरोधकाच्या तुलनेत तुमचा पक्ष एका मताने मागे पडतो. थेट विरोधकाकडे गेलं तर दोन मतांनी.

ग्वाल्हेर दक्षिणचा २०१८चा विधानसभा निकाल तिथल्या लष्कर भागातल्या मराठी मतदारांना पाठ आहे. काँग्रेसचे प्रवीण पाठक ५६,३६९, भाजपचे नारायणसिंह कुशवाह ५६,२४८. अंतर १२१. भाजपचं तिकीट न मिळालेल्या माजी महापौर समीक्षा गुप्ता अपक्ष उभ्या होत्या आणि त्यांना ३०,७४५ मतं पडली. नोटासुद्धा त्या अंतराच्या कितीतरी पट होतं, पण खेळ फिरवला तो बंडखोरीने. पक्षाने त्यातून काय शिकावं? २०२३ला तिकीट पुन्हा कुशवाह यांनाच दिलं आणि ते निवडून आले. म्हणजे ज्या मतदाराने उमेदवार बदलावा म्हणून पक्षाला पाडलं, त्याला पाच वर्षं विरोधी आमदार मिळाला आणि पुढच्या वेळी पत्रिकेवर तेच नाव परत आलं.

आपल्याकडे वाघोडियात उलटं झालं. २०२२ला भाजपचं तिकीट न मिळालेले धर्मेंद्रसिंह वाघेला अपक्ष म्हणून निवडून आले. २०२४च्या सुरुवातीला त्यांनी राजीनामा दिला, भाजपमध्ये गेले, आणि ७ मे २०२४च्या पोटनिवडणुकीत त्याच पक्षाच्या तिकिटावर जिंकले. २०२२च्याच निवडणुकीत, त्याच वाघोडियात तिकीट कापलेले जुने आमदार मधु श्रीवास्तवही अपक्ष होते. ते हरले. शेजारच्या पादऱ्यात दिनेश पटेल अपक्ष उभे राहिले आणि पक्षाचा अधिकृत उमेदवार तरीही जिंकला. तेव्हा बंडखोराला मत देण्याआधी एकच गोष्ट पाहा: तो जिंकण्याच्या अंतरात आहे का? असेल तर तुमचं मत पक्षाच्या तिकिटवाटपावर दिलेला खराखुरा निकाल ठरतं. नसेल तर तुम्ही फक्त आपल्या चिन्हाचं एक मत कमी केलंत. गोध्ऱ्यात २०१७ला विजयाचं अंतर अवघं २५८ मतांचं होतं. अशा जागी एक मत कमी होणं ही लहान गोष्ट नाही.

उमेदवारालाच मत: का, आणि कुठे

लोकसभेच्या बाबतीत नाराज मतदाराने पक्षाच्या उमेदवाराकडे झुकावं, याचं कारण भावनेचं नाही, कायद्याचं आहे. १९८५पासून राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाप्रमाणे, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याप्रमाणे, खासदाराने पक्षाच्या व्हिपविरुद्ध (मत कसं द्यायचं याच्या आदेशाविरुद्ध) मत दिलं तर त्याची खासदारकी जाऊ शकते. अर्थसंकल्पावर, विश्वासठरावावर, मोठ्या विधेयकांवर तुमचा आवडता माणूस आणि तिकीट मिळालेला माणूस, दोघांचंही बटण एकच असणार. तुम्ही पक्षाला त्याच्या धोरणासाठी मत देत असाल तर सभागृहातलं तुमचं मत बदललेलं नाही. फरक पडतो तो भेटीगाठीत, पत्रांना उत्तर देण्यात, वर्षाच्या पाच कोटींच्या खासदार निधीच्या वाटपात. तो फरक खरा आहे. पण सरकार कोणाचं, या प्रश्नाच्या तुलनेत लहान.

न्यू जर्सीत स्थायिक झालेली भावंडं इथे वेगळा धडा शिकवतात, आणि त्याची किंमत करायला हवी. तिथे उमेदवार पक्षाचे नोंदलेले मतदार स्वतः मतदानाने निवडतात. २००८ला त्या पक्षांतर्गत निवडीत हिलरी क्लिंटन हरल्या आणि ७ जूनला त्यांनी आपल्या मतदारांना ओबामांच्या मागे उभं राहायला सांगितलं. २०१६ला बर्नी सँडर्स यांनी १२ जुलैला न्यू हॅम्पशरमध्ये क्लिंटन यांना पाठिंबा दिला. सँडर्स यांचे बहुतेक मतदार क्लिंटन यांच्या मागे गेले, पण निवडणुकीनंतरच्या एका मोठ्या सर्वेक्षणात साधारण १२ टक्के ट्रम्प यांच्याकडे गेल्याचं दिसलं. ट्रम्प यांनी मिशिगन १०,७०४, विस्कॉन्सिन २२,७४८, पेनसिल्व्हेनिया ४४,२९२ मतांनी जिंकलं. या तीन राज्यांनी निकाल ठरवला. तिथल्या हरलेल्या मतदाराला असं म्हणता येतं: तुम्हाला मत देता आलं, मोजणी झाली, आता निकाल माना.

इथल्या मतदाराला तेच वाक्य तसंच्या तसं ऐकवणं अन्यायाचं आहे, कारण त्याला कोणी विचारलेलंच नसतं. तिकीट दिल्लीतल्या समितीत ठरतं. बडोद्याने तर विचारून पुसून टाकल्याचंही पाहिलंय. २०१४ला काँग्रेसने मोजक्या मतदारसंघांत उमेदवार पक्षांतर्गत मतदानाने निवडायचा प्रयोग केला. त्यात बडोदाही होतं आणि इंदूरही. मतदान सामान्य मतदारांचं नव्हतं, पदाधिकाऱ्यांचं होतं. बडोद्यात नरेंद्र रावत निवडून आले. मग भाजपने नरेंद्र मोदींचं नाव इथून जाहीर केलं, रावत बाजूला झाले आणि तिकीट मधुसूदन मिस्त्रींना गेलं. मोदी ५,७०,१२८ मतांनी जिंकले. इंदूरला त्याच पद्धतीने निवडलेले सत्यनारायण पटेल शेवटपर्यंत उमेदवार राहिले, आणि भाजपच्या सुमित्राताई महाजनांकडून हरले. इंदूरचा पदाधिकारी निदान स्वतः निवडलेल्या माणसाबरोबर हरला. बडोद्याच्या पदाधिकाऱ्याला तेही मिळालं नाही, आणि त्याने नंतर मनापासून काम केलं नसेल तर त्याला दोष देणं कठीण आहे.

म्हणून पक्षाच्या उमेदवाराला मत द्यायचा सल्ला देताना निष्ठेचं कारण पुढे करू नये. निष्ठा दोन्ही बाजूंनी असावी लागते. कारण एवढंच, की मतदानाच्या दिवसापर्यंत तिकिटाचा प्रश्न संपलेला असतो आणि मशीन वेगळा प्रश्न विचारत असते.

राग कधी चालतो

मार्च २०२४मध्ये बडोद्याने हे डोळ्यांसमोर पाहिलं. भाजपने रंजनबेन भट्ट यांना तिसऱ्यांदा तिकीट जाहीर केलं. माजी महापौर ज्योतीबेन पंड्या यांनी उघड विरोध केला आणि पक्षाने त्यांना निलंबित केलं. शहरात बॅनर लागले. सावलीचे आमदार केतन इनामदार यांनी १९ मार्चला राजीनामा दिला आणि त्याच दिवशी मागे घेतला. २३ मार्चला रंजनबेननी निवडणूक लढवायची नाही असं जाहीर केलं, दुसऱ्या दिवशी हेमांग जोशींचं नाव आलं. जोशी ५,८२,१२६ मतांनी निवडून आले. नोटाने हे काही केलं नाही. ते केलं पक्षाच्या आतल्या आवाजाने, आणि ते अर्ज भरायची मुदत सुरू होण्याच्या तीन आठवडे आधी.

त्या वर्षी गुजरातची तारीखपत्रिका अशी होती: अर्ज १२ ते १९ एप्रिल, छाननी २०, माघार २२, मतदान ७ मे. यादी येण्यापासून १९ एप्रिलच्या दुपारी तीनपर्यंत उमेदवार बदलणं पक्षाच्या हातात असतं, कारण अधिकृत उमेदवार कोण हे सांगणारा पक्षाचा 'फॉर्म बी' तोपर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचायला हवा. त्या तीन वाजल्यानंतर पक्षाला नवं नाव आणता येत नाही. तुमचं निवेदन, सह्या, शिष्टमंडळ, सगळं त्या तीनच्या आत. निवेदनात "आमच्या माणसाला का डावललं" असं लिहू नका. कोणत्या बूथवर मागच्या वेळी किती मतं होती आणि या उमेदवारामुळे किती जाणार, हे फॉर्म २०मधून काढून लिहा. पक्षाला तो एकच कागद समजतो.

उमेदवाराबद्दल शंका असेल तर दोन कागद पाहा. पहिला त्याचं शपथपत्र, फॉर्म २६: खटले, मालमत्ता, कर्ज, शिक्षण. आयोगाच्या 'नो युवर कॅन्डिडेट' ॲपवर ते मिळतं. दुसरा फारसं कोणी पाहत नाही, तो फॉर्म सी-७. उमेदवारावर गुन्हे प्रलंबित असतील तर त्यालाच का निवडलं आणि स्वच्छ उमेदवार का मिळाला नाही, हे पक्षाला निवडीपासून ४८ तासांत छापून सांगावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की 'जिंकून येण्याची क्षमता' एवढंच कारण चालणार नाही. सी-७मधलं कारण वाचून पोटात कालवलं तर नोटा दाबा, आणि मग त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका.

महानगरपालिकेचं गणित मात्र पूर्ण वेगळं. बडोद्यात एका वॉर्डातून चार नगरसेवक निवडायचे असतात आणि तुम्हाला चार मतं असतात. पॅनलच्या चौघांतले तिघे चालत असतील आणि एक नकोसा असेल तर तिघांना द्या आणि चौथं मत दुसऱ्या चिन्हाच्या चांगल्या माणसाला द्या. पाणी किती वाजता येतं, पावसात ड्रेनेज तुंबलं की कोण येऊन उभं राहतं, हे प्रश्न व्हिपवर चालत नाहीत, माणसावर चालतात. इथे पक्षाच्या उमेदवाराला डोळे झाकून मत द्यायचं कारण नाही. चारपेक्षा कमी मतं द्यायची असतील तर मशीनवर ते कसं नोंदवायचं हे आडोशात जाण्याआधीच अधिकाऱ्याला विचारून घ्या. आत गेल्यावर कोणी सांगायला येऊ शकत नाही.

निवडणूक आली की फोनवर एक संदेश हमखास फिरतो: यादीत नाव नसेल तर आधार दाखवून 'चॅलेंज व्होट' मागा, आणि एखाद्या बूथवर टेंडर मतं ठरावीक टक्क्यांवर गेली की फेरमतदान होतं. दोन्ही खोटं. टेंडर मत म्हणजे तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर नियम ४९-पी प्रमाणे तुम्हाला मिळणारी कागदी मतपत्रिका. ती वेगळ्या पाकिटात जाते आणि नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही. व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठीवर दाबलेल्यापेक्षा वेगळं नाव दिसलं तर ४९-एमए खाली लेखी तक्रार करता येते आणि चाचणी मत देता येतं, पण तक्रार खोटी निघाली तर शिक्षा आहे. सात सेकंद डोळे काचेवर ठेवून, खात्री असेल तरच बोला.

आणि यादीत नाव नसेल तर वरचं काहीच कामाचं नाही. अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेनंतर यादीत नाव चढत नाही, आणि चौकशीला वेळ लागतो म्हणून फॉर्म त्याच्या निदान दहा दिवस आधी जायला हवा. नवीन नावासाठी फॉर्म ६, पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८, चौकशीला १९५० हा फोन क्रमांक. रावपुऱ्यातलं जुनं घर सोडून मांजलपूरला फ्लॅटमध्ये गेलेल्या कुटुंबांचं नाव वर्षानुवर्षं जुन्याच बूथवर राहतं. ८५च्या पुढच्या आजी-आजोबांचं मत घरीच घेतात, पण त्यासाठीचा फॉर्म १२-डी अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो. तिकीट कोणाला मिळालं यावर घरात कडाक्याचे वाद चालू असतात ते नेमके हेच दिवस.